समितीतला एक कमी

"अहो, आधी चष्मा! त्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही!"

प्रयोगशाळेच्या दारातला उंच माणूस जागीच थबकला. मी खुंटीवरचा संरक्षक चष्मा त्याच्या हातात कोंबला. त्याने तो निमूट चढवला... उलटा.

मागून आमचे सर खाकरले. "हे सरकारच्या विज्ञान विभागातून आलेत. आपल्या संशोधनाला निधी द्यायचा की नाही, ते ठरवणाऱ्या समितीत आहेत."

झालं! मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

पण तो हसला. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा आमचा पातळ पडदा त्याने वाकून पाहिला. शेजारी पंप धापा टाकत होता.

"हा कधीचा?"

"माझ्या जन्माआधीचा. त्याच्याशी अदबीनंच वागावं लागतं. याच्या भरवशावर जगाशी स्पर्धा करतोय आम्ही!"

त्यानंतर तो शंका घेऊन येतच राहिला.

"पडदा फाटला तर?"

"नवा बसवू."

"तोही फाटला तर?"

"तुम्ही नेहमी असंच अभद्र बोलता?"

"पगार त्याचाच मिळतो," तो म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला. माझे कान तापले.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तो जिन्यात भेटला. "मी समिती सोडलीय."

"ऐन वेळी? आमच्या कामाबद्दल शंका आहे?"

"कामाबद्दल नाही. तुमच्याबद्दल... म्हणजे, शंका नाही हो — खात्री आहे. मग निःपक्षपाती कसा राहू?"

राग आला, लाजही वाटली. "निकाल लागेपर्यंत फोन नाही, भेट नाही," मी बजावलं. "निधी मी कामाच्या जोरावरच मिळवणार."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर पडदा खरंच फाटला. सर पांढरेफटक पडले. मी बाह्या सारल्या, सगळ्यांदेखत नवा पडदा बसवला आणि गोड्या पाण्याचा पहिला पेला समितीच्या अध्यक्षबाईंसमोर ठेवला. त्यांनी घोट घेतला, मग उरलेलंही संपवलं.

निकाल लागला, तशी मीच फोन लावला.

"मिळाला!"

पलीकडे सुटकेचा लांब श्वास. मग हळूच, "आता हे अहो-जाहो... सोडायचं का?"

"आधी तुझ्या आईला सांग, मुलगी महाहट्टी आहे."

"ते केव्हाच सांगून झालंय!"