मयत कौसल्या

"बाई, या कागदावर तुम्ही मेलेल्या आहात जी."

नागपूरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अनंतनं हे इतक्या अदबीनं सांगितलं, की कौसल्येला आधी हसू फुटलं. मग त्याच्या बोटाखालची ओळ तिनं वाचली... 'कौसल्या — मयत.'

"मयत म्हंजे?"

"अरबी शब्द. फारशी कारभारातून कचेरीत आला. गेलेला माणूस. अन् 'हयात'ही तिकडचाच... जिवंत."

"मंग माह्यापुढं हयात लिहा ना!"

"ते साहेब लिहीन. पुकारा झाला, की तुम्ही 'हाजिर' म्हणायचं. तीन हाकांत नाही म्हटलं, तर अपील खारीज."

कौसल्येचा चेहरा उतरला. थोरली बहीण पाच वर्षांची होऊन गेली, अन् वर्षानं ही जन्मली. पोर परत आली, म्हणून आईनं तेच नाव ठेवलं. आता वडील वारले. चुलत्यानं थोरलीच्या मृत्यूचा जुना दाखला हिचाच म्हणून पुढं केला. काटोलची संत्र्याची बाग जायची वेळ आली. पण तिची भीती निराळीच होती. लहानपणापासून कुणी हाक मारली, की वाटायचं, आणखी कुणीतरी वळून पाहतंय. म्हणून ती थांबायची... आधी तिला 'ओ' देऊ द्यायची.

तारखांवर तारखा पडल्या. ती बसनं दोन संत्री आणायची; तो एक जुना शब्द सांगायचा. एकदा तिनं त्याला त्या दुसऱ्या कौसल्येची भीतीही सांगून टाकली.

"एक संत्रं तुमच्यासाठी," ती म्हणायची.

"अन् दुसरं?"

"तेही तुमचंच. विचारता काहून?"

शेवटच्या तारखेला पट्टेवाल्या नानाजींनी पुकारा केला.

"कौसल्या हाजिर है?"

वऱ्हांड्याच्या रिकाम्या टोकाकडून बारीक आवाज आला... "हाजिर."

नानाजी गोंधळून तिकडं पाहू लागले. दुसरी हाक झाली. कौसल्या त्या रिकाम्या टोकाकडंच पाहत राहिली.

अनंत तिच्या कानाशी पुटपुटला, "तिचं झालं. आता तू बोल वं... मले तू पाहिजे."

तिसरी हाक.

"हाजिर!"

साहेबांनी 'हयात' लिहिलं. बाहेर अनंतनं कोऱ्या कागदावर तिचं नाव लिहिलं. पुढं 'जौजे'. मग जागा मोकळी सोडली.

"हे काय?"

"अरबीत जौज म्हणजे जोडी. बाईच्या नावापुढं जौजे, अन् मग नवऱ्याचं नाव."

तिनं त्याच्या हातातली लेखणी घेतली. लाजत, सावकाश लिहिलं — अनंत.

मागं कुणीतरी लहान मुलीसारखं खुदकन हसलं. या खेपेला दोघांनीही वळून पाहिलं. वऱ्हांडा रिकामा होता.

कौसल्येनं उरलेलं एक संत्रं हळूच पायरीवर ठेवलं.