शंभर गोल

वेबपानं बनवायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये त्या दिवशी एकच संगणक धड चालत होता, आणि त्याच्यासमोर तो आधीच बसला होता. ती दारातूनच परत फिरणार, तेवढ्यात त्याने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही टाइप करा, मी चुका काढतो."

"उलट करू या. चुका काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही."

ते खरंच होतं. कोडच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला तो हटकून विसरायचा आणि अख्खं वेबपान रुसून बसायचं. ती कीबोर्डकडे हात न्यायची, बोटाला बोट लागायचं... तो उगाच घसा खाकरायचा. आठवड्याभरात तिने त्याचं नावच 'अर्धविराम' ठेवलं. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी सरांनी शंभर दिवस काहीतरी मोजून त्याचा आलेख वेबपानावर मांडायला सांगितलं. ती बाबांचे चोरून घेतलेले चहा मोजत होती.

"आणि तू काय मोजतोयस?"

"सांगण्यासारखं नाही... दाखवण्यासारखं आहे."

"असं काय दिव्य आहे?"

"शंभर होऊ देत — मग बघ."

सादरीकरणात मात्र त्याने उशिरा आलेल्या बसगाड्यांचा आलेख दाखवला. ती हिरमुसली. आणि क्लास संपल्यानंतरच्या रविवारी त्याची लिंक आली. "हे ते. नीट बघ."

ताईचं बाळ तिच्या खांद्यावर नुकतंच झोपलं होतं. तिने एका हाताने फोनवरच लिंक उघडली. शंभर गोल. लहान, मोठे, बरेचसे निळे, थोडे पिवळे. शीर्षक नाही, आकडे नाहीत. तिने बोटाने पान वरखाली केलं. सुंदर होतं, पण कशाचं? मग नेहमीची खोड उसळून आली.

"रंग गोड आहेत. पण काय मोजलंय ते कळत नाही. सर अर्धे मार्क कापतील."

तो बराच वेळ काहीतरी टाइप करताना दिसत राहिला. मग आलं, "बरोबर आहे तुझं."

तेवढंच. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर गेला. एवढं काय लागलं याला, म्हणून ती धुसफुसली. पण आपण होऊन विचारायला तिला कमीपणा वाटला.

दीड वर्षाने त्याच क्लासमध्ये ती शिकवत होती.

"मॅडम," एक विद्यार्थिनी म्हणाली, "गोलावरची माहिती फोनवर उमटतच नाहीये."

"कशी उमटेल? गोलावर माऊस नेला की ती दिसते. फोनला माऊस कुठला..."

बोलता बोलता तिने टेबलावरच्या स्वतःच्या फोनकडे पाहिलं.

सगळे गेल्यावर तिने ती जुनी लिंक संगणकावर उघडली. माऊस पहिल्या गोलावर नेला.

"आज ती चारदा हसली."

मोठ्या पिवळ्यावर — "अकरा वेळा. शेजारी बसली होती, म्हणून पिवळा."

टिंबाएवढ्या निळ्यावर — "आज आलीच नाही."

आणि शंभराव्यावर — "हे मोजणं मला आयुष्यभर करायचं आहे. चालेल? नको असेल तर दुसरंच काही बोल. मी समजेन."

ती दुसरंच बोलली होती.

तिने त्याला लिहिलं, "अर्धविराम, ते शंभर गोल आज माऊसने बघितले. तेव्हा फोनवर बघितले होते."

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "एकदा फोनवर उघडून बघायला हवं होतं मी. शेवटचं काहीतरी राहतंच माझं." मग थोडं थांबून, "पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

"हसते ती?"

"खूप."

"मग ते पान काढून टाक. आज नको... उद्या."

"काढतो. एक विचारू? तेव्हा दिसलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

तिने 'हो' टाइप केलं. त्या एका अक्षराकडे बघत राहिली. मग ते पुसलं, आणि या वेळी जाणूनबुजून दुसरंच लिहिलं —

"रंग गोड आहेत."