बंद खोलीतील टरफले

सुज्ञ वाचकहो, जी हकिगत मी येथे कथन करण्यास उद्युक्त झालो आहे, तिच्यात रक्ताचा थेंबही सांडत नाही. तथापि एका कष्टाळू स्त्रीची चूल एका सकाळीत विझण्याची वेळ आली होती, हे काही कमी भयंकर नव्हे. संशयाची सुई कोणाकडे वळवावी, हे आपण आपल्या बुद्धीने ठरवीत जावे. कोणताही पुरावा मी आपणांपासून लपविणार नाही.

निवृत्त हवालदार वैजयंतीबाई चहाचा पहिला घोट घेत होत्या, तोच शेजारी राहणाऱ्या पूनमचा फोन आला.

"मावशी, लगेच या. अव्वा मला आजच खोली खाली कर म्हणत्यात."

जुळे सोलापुरातील त्या दुमजली घराची मालकीण म्हणजे अक्कम्मा. सारे तिला अव्वा म्हणत. ती भाचा गुरप्पासह वर राहत असे; तो तिला अत्ती, म्हणजे आत्या, म्हणे. खालची खोली तिने अकलूजहून आलेल्या पूनमला कामापुरती भाड्याने दिली होती, आणि अट एकच घातली होती: उंबऱ्याच्या आत अंडे येता कामा नये.

त्या खोलीत पूनम केकच्या वड्या करी. खोक्यातले तयार पीठ, लोणी, अंड्याऐवजी दही. ते ताटात थापायचे, वर चॉकलेटचे दाणे पेरायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि निवले की कापायचे. कृती सोपी, परंतु वड्या बिनअंड्याच्या आहेत, या एका विश्वासावर तिचे सारे गिऱ्हाईक टिकून होते. आज दुपारी गल्लीतल्याच एका लिंगायत घरी बारशाला वड्या जायच्या होत्या. काल सायंकाळी भाजलेली ताटे फडक्याखाली तयार होती.

खोलीत पाऊल टाकताच वैजयंतीबाईंना व्हॅनिलाचा दरवळ आला. दुसरा कसलाही वास नव्हता. ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात, अगदी वर, अंड्याची टरफले पडली होती.

त्यांनी वाकून चष्मा सारखा केला. एकही टरफल अखंड नव्हते. बारीक तुकडे पातळ पापुद्र्याला चिकटून लोंबत होते. आतून कोरडे ठणठणीत. त्यांनी ते नाकाजवळही धरून पाहिले.

अक्कम्मा दारातच खिळली होती. आत यायला तिचे पाऊल धजत नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं, अव्वा?"

"मला कुटं कळतंय. गुरप्पा सांगितला. जिना उतरताना अंड्याचा वास आला म्हणाला. कुलूप काढून बघितलं तर हे."

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"एक पूनमकडं, एक त्या उत्कर्षाकडं. एक माझ्या दाराच्या मागं, खिळ्याला."

उत्कर्षा वड्या डब्यांत भरण्याचे काम करी. तिने हाताची घडी घातली.

"काल कुलूप कुणी लावलं?"

"मीच की. ताई आधी गेल्या."

"तुझ्या घरी अंडी होतात?"

"रोज. आईच्या हातची भुर्जी खाल्ल्याबिगर दादा कामावर जात न्हाय. म्हणून काय मी हितं आणून टाकीन व्हय?"

"तू स्वतःचं काम सुरू करणार आहेस, असं कानावर आलंय."

पूनमने चमकून वर पाहिले. उत्कर्षाची मान खाली गेली. "दोन गिऱ्हाइकांना इचारलं हुतं. गुन्हा हाय का त्यो?"

वैजयंतीबाई अक्कम्माच्या भाच्याकडे वळल्या. गुरप्पाच्या हातात केकच्या पिठाचे रिकामे खोके होते.

"बाई, हे वाचा. मागं छापलंय, अंडी घाला म्हणून. दही घालून कुटं केक फुगतोय का?"

"फुगतोय की," पूनम म्हणाली. "दह्यात सोडा पडू द्या, मग बघा."

"टोप्या दुसऱ्याला घाला, पूनमताई."

"गुरप्पाअण्णा, तुम्ही अंडं खाता का?" वैजयंतीबाईंनी विचारले.

"शिव शिव. गळ्यात लिंग हाय माझ्या. आयुष्यात अंड्याच्या जवळ गेलो न्हाय."

"ही खोली रिकामी झाली तर काय कराल?"

"मोबाईल रिपेरीचं दुकान. अत्ती आधीच दिली असती तर हे झालंच नसतं."

वाचकहो, सारे पुरावे आता आपल्यासमोर आहेत. क्षणभर थांबून आपण आपला निवाडा करावा.

वैजयंतीबाईंनी स्टूल ओढले आणि शांतपणे विचारले, "उत्कर्षा, भुर्जीला अंडं फोडलं की टरफल कसं निघतं?"

"दोन वाट्या हुत्यात. आत चिकट ऱ्हातंय."

"आणि उकडून सोललं की?"

"तुकडं तुकडं. पापुद्र्याला धरून..." उत्कर्षा डब्याकडे पाहतच राहिली.

"ही टरफलं उकडलेल्या अंड्यांची आहेत. केकच्या पिठात उकडलेलं अंडं कोण घालतं? ज्याच्या घरात अंडी फुटतात, तो अशी चूक करणार नाही. पूनम नाही, उत्कर्षाही नाही. उरली खिळ्यावरची किल्ली."

"म्हंजे मी?" अक्कम्माचा आवाज चिरकला.

"नाही, अव्वा. तुम्हाला वास आलाच नव्हता. तो कुणाला आला? कच्ची टरफलं कोंडून ठेवली की वास मारतात, एवढं ऐकून कुणालाही ठाऊक असतं. ही मात्र कोरडी आहेत. मी नाकाजवळ धरून पाहिली. मग जो आयुष्यात अंड्याच्या जवळ गेला नाही, त्याला बंद दाराआडून अंड्याचा वास ओळखू कसा आला?"

गुरप्पाने खोके ओट्यावर ठेवले.

"चौकात संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांची गाडी लागते," वैजयंतीबाई पुढे म्हणाल्या. "गाडीवाल्याला बोलावू का? अंडं सोडून टरफलं मागणारं गिऱ्हाईक तो विसरला नसेल."

गुरप्पा जमिनीकडे पाहू लागला. "त्यानं कागदात बांधून दिली. मी डब्यावर नुसता कागद झटकलो. हात लावलो न्हाय, अत्ती, देवाशप्पत."

अक्कम्माने ओट्याखालच्या डब्याकडे बोट केले.

"हात लावला न्हाईस. दुसऱ्याच्या पोटावर पाय दिलास, त्याचा इटाळ न्हाई होय रे? आता हातानं उचल. एकेक. आणि दिवसाउजेडी गल्लीतनं घेऊन जा, सगळ्यांना बघू दे."

तो वेचू लागला. तो बाहेर पडल्यावर पूनमने फडके काढले, पण ताटाला हात लावण्याचे धैर्य तिला होईना.

"अव्वा, टरफलाची गोष्ट एव्हाना बारशाच्या घरी गेली आसंल. आता कोण खाईल हे?"

अक्कम्मा उंबरा ओलांडून आत आली. तिने एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली.

"दही थोडं आंबट हाय तुझं," ती म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि ताट उचलले. "चल. पाळण्यासमोर मी स्वतः वाटते. माझ्या हातातलं कोण न्हाई म्हणतंय, बघू."

ही हकिगत आपण आपला अमूल्य वेळ वेचून वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
बिभीषण कोंडीबा लोंढे
माढा, जिल्हा सोलापूर