वीस भोपळे

मितेशभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात माझे कागद मशीनमधून निघाले आणि त्यांच्यामागून कुणाचे तरी परके कागद आले. तेही जपानी! आमच्या इंद्रलोक वस्तीत जपानी शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे खुशाल वाचायला लागले... आणि फिसकन हसले.

"हसायला काय झालं?" मागून वैतागलेला आवाज आला. चुरगळलेला शर्ट, चष्मा, आणि चष्म्यामागे – काय सांगू – फार छान डोळे.

"तुम्ही क्योटोमधली हॉटेलं मागितलीत आणि यादी आलीय टोकियोची."

"शक्यच नाही. आमच्या सॉफ्टवेअरनं शोधलंय."

"टोकियो महानगर हे नाव तीन अक्षरांत लिहितात. त्यातली शेवटची दोनच उचलली की होतं क्योटो."

तो आधी कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ.

नीरज त्याचं नाव, राहायला जवळच गोडदेवला. त्याच्या कंपनीच्या सर्च सॉफ्टवेअरला चिनी, जपानी आणि कोरियन शिकवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं आणि स्वारीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग रोज संध्याकाळी माझा क्लास सुटला की हा दुकानापाशी हजर. दोन कटिंग चहा, आणि माझी मोफत शिकवणी.

"कोरियनवाले शब्दांमध्ये जागा तरी सोडतात," तो कुरकुरायचा. "चिनी-जपानीत सगळं सलग. सॉफ्टवेअरनं शब्द तोडायचा कुठे?"

मी कागदावर लिहिलं – 'मीनाहीयेणार'. "तोडा बघू."

"मीनाही येणार." त्याच्या कपाळावर आठी. "ही मीना कोण?"

"अहो, मी नाही येणार!"

"असं नका ना म्हणू..." तो पटकन बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. अहो-जाहो त्याच दिवशी सुटलं.

तीन आठवड्यांनी त्यानं शेवटच्या चाचणीचे कागद दिले. वीस शोध, वीस निकाल. सगळे बरोबर आले की काम फत्ते. म्हणजे रोजचा चहाही बंद! तपासताना मनात पाप आलं, दोन-तीन खोट्या चुका काढाव्यात, म्हणजे तो परत येईल. पण मास्तरीण आहे मी, हात वळेना. वीसच्या वीस बरोबर होते. तशा खुणा केल्या आणि क्लासला उशीर होत होता म्हणून कागद मितेशभाईंकडे ठेवले.

तो चार दिवस फिरकला नाही. फोन नाही, मेसेज नाही. गरज सरो, वैद्य मरो! मी मनातल्या मनात त्याला हजार शिव्या घातल्या. रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी मितेशभाईंनीच हाक मारली. "रसिकाबेन, नीरजभाई को ऐसा क्या बोला? देखो ना, एकदम देवदास हो गया है."

खरंच, दाढी वाढलेला नीरज आत बसला होता. त्यानं माझेच कागद माझ्यापुढे धरले. "वीस भोपळे, रसिका? एक तरी बरोबर द्यायचा होतास. चार दिवस सगळं मोडून पुन्हा लिहितोय."

मी कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, जपानी शिक्षक बरोबर उत्तराला गोल करतात! मला तीच सवय. तुझे वीसच्या वीस बरोबर आहेत!"

"म्हणजे... जुनं होतं तेच बरोबर?"

"तेच परत लाव."

तो हसायला लागला. मग हातातले कागद नीट लावत म्हणाला, "म्हणजे काम संपलं."

"संपलं."

"मग आता इकडे यायला..."

"कारण लागतं का?" माझा आवाज उगाचच चढला. "लागलंच तर घरी सांग ना काहीतरी."

"घरी सांगितलंय," तो चष्मा पुसत म्हणाला. "आई विचारत होती, तोंड का उतरलंय. म्हटलं, एक मुलगी खूप आवडते, पण... तिनं नापास केलंय."

"मग? काय म्हणाल्या?" मी घाईघाईनं विचारलं.

"म्हणाली, परत परीक्षेला बस."

मी त्याच्या हातातले कागद काढून घेतले आणि तो हात तसाच धरून ठेवला. मितेशभाई बघत होते, बघू देत.

"नको बसूस," मी म्हटलं. "मला तू कधीचा आवडतोस."