बॉनेट गार होईपर्यंत

धुक्यातून आधी सायकलची घंटी आली, मग सायकल आली, आणि इंदूला बाजूला व्हायचं सुचायच्या आत तिच्या डोक्यावरची टोपली खाली आली. शेण्या वाटभर पसरल्या.

"डोळे घरी ठेवून निघालात का?" इंदू कडाडली.

"डोळे आणलेत हो. रस्ताच कुणीतरी उचलून नेलाय," असं म्हणत तो तरुण सायकल टाकून शेण्या गोळा करायला लागला. पौषातलं धुकं होतं ते. पवना नदीवरून उठायचं आणि एकदा रहाटणीत शिरलं की उन्हं वर येईपर्यंत हलायचं नाही. त्यानं एक शेणी उचलली, नाकाजवळ नेली आणि तिच्याकडे बघितलं. "एक विचारू? तुमच्याकडच्या शेण्यांना पेट्रोलचा वास कसा काय येतो?"

इंदूनं शेणी त्याच्या हातातून हिसकावली. "तुमच्या सायकलीला येत आसंल."

"सायकलीला?" तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. ती आपण बघितलीच नाही असं इंदू पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली, पण बघितली होती. "बरं, सायकलीला तर सायकलीला. मी ज्योतीराम. पुण्याहून आलोय, कॅम्पातल्या मोटारींच्या पेढीतून. बबनरावांच्या भावजयीकडे एक विलायती गाडी आहे म्हणे, दोन सीटची. तिची किंमत ठरवायचीय."

म्हणजे चुलत्यानं, बबनरावांनी, शेवटी माणूस आणलाच होता.

गोठ्यात दोन म्हशींच्या पलीकडे ती गाडी उभी होती. बुटकी, हिरवी, तारांच्या चाकांची, लांब नाकाची. इंग्रज निघून गेले तेव्हा देहूरोडच्या डेपोतल्या एका कॅप्टननं ती इंदूच्या थोरल्या भावाला, हिंदुरावला, जवळजवळ देऊनच टाकली होती. आता मुंबईच्या एका शेठला असल्या जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवायचा नाद लागला होता, आणि त्याच्यासाठी गावोगाव फिरून गाड्या पारखायचं काम ज्योतीरामकडे होतं.

बबनराव दारातच थांबले. या गोठ्यात ते कधी आत शिरत नसत. ज्योतीराम मात्र सरळ गाडीपाशी गेला आणि बाकी काही बघायच्या आधी त्यानं तळहात बॉनेटवर ठेवला. ठेवला आणि चटकन काढला.

"गाडी आत्ता कुणी चालू केली होती?"

बबनराव दुसरीकडे बघायला लागले. मागं इंदूची आई, सावित्रीबाई, ओल्या लुगड्यानिशी नदीवरून येऊन उभी होती. शेजारचं कुणी येऊन गेल्याचं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "माझा हिंदुराव येऊन गेला आसंल. रोज येतो."

ज्योतीरामच्या मानेवर काटा उभा राहिलेला इंदूला स्पष्ट दिसला.

हिंदुराव नदीला गेला होता, तीन पावसाळ्यांमागं. पूर बघायला म्हणून गाडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. गाडी तेवढी काठावर सापडली, इंजिन चालू, दार उघडं. नदीनं शेवटपर्यंत काही परत दिलं नाही. सावित्रीबाई धावत गेली, तिनं बॉनेटला हात लावला आणि म्हणाली, "गरम हाय. म्हंजी लांब न्हाई गेला." त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. अन्नावरची वासना गेली. मग एका सकाळी इंदूनं नुसतं मन रमावं म्हणून पुढून लोखंडी हँडल मारून गाडी चालू केली, थोडा वेळ जागेवरच चालू ठेवली, बंद केली. नदीवरून परतलेल्या आईचा हात सहज बॉनेटला लागला... आणि आई हसली. त्या दिवशी तिनं भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून रोज पहाटे आई नदीवर गेली की इंदू गाडी तापवायची. पेट्रोल चिंचवडचे करीमभाई द्यायचे. त्यांचं हमरस्त्यावर गॅरेज होतं आणि हिंदुराव त्यांचा जिवाचा दोस्त. धुक्यातून तो घुमणारा आवाज सगळ्या गावाला ऐकू जायचा. माणसं दारं लावून घ्यायची. भुताच्या गाडीचं घर म्हणून इंदूला बघायला आलेली दोन स्थळं चहा न घेता परत गेली होती, म्हणून तर बबनरावांना गाडी विकायची होती. पण गाडी गेली तर आई जगायची नाही, एवढंच इंदूला कळत होतं. आणि आपण सासरी गेलो तर? दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट गारच लागणार. इंदूनं लग्नाचा विचार केव्हाच मनातून काढून टाकला होता.

"किंमत आज नाही होणार," ज्योतीराम बबनरावांना सांगत होता. "इंजिन गार पाहिजे. गार इंजिन चालू होताना खरं बोलतं. गरम झालं की काय, सगळीच गोड बोलतात."

"दुपारपर्यंत थांबलात तर गार हुईल की," इंदू म्हणाली.

"रात्रभर मुरलेला गारवा लागतो," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "गार होईपर्यंत थांबतो मी. पुन्हा येईन."

तो पुन्हा आला. मग पुन्हा आला. बॉनेट दर वेळी गरम आणि याचा हात दर वेळी तितक्याच गंभीरपणे त्याच्यावर. मग आलोच आहोत म्हणून तो दुसरं काहीतरी बघत बसायचा. चाकांच्या तारा नाण्यानं वाजवायचा, कुठली सैल आहे ते कानानं हेरायचा. ऑइलची काडी काढून बोटांत चोळायचा. एवढ्याला पुण्याहून सायकल मारत यायचं काय कारण, हे इंदूला विचारावंसं वाटे. पण उत्तर येईल की काय, म्हणून ती विचारत नसे.

एकदा तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले.

"इंदूताई, तुमच्या घरचं भूत भलतंच बुटकं आहे."

"म्हंजी?"

"सीट एवढी पुढं ओढलीय त्यानं. हिंदुराव केवढे होते?"

"सहा फूट," म्हणता म्हणता इंदूची जीभ अडखळली. तो खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हात बघू."

का कुणास ठाऊक, तिनं हात पुढं केला. त्यानं स्पर्श केला नाही. नुसतं बोट धरलं तळव्याच्या वर, अंगठ्याच्या मुळापाशी. "हँडल मारणाऱ्याला इथं घट्टा पडतो."

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईला सांगू नका... पाया पडते."

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. "मी तर त्या भुताला भेटायलाच येतोय इतके दिवस."

इंदूनं पदराआड तोंड लपवलं. रडतेय की हसतेय ते तिचं तिलाच कळेना. मग तिनं सगळं सांगितलं आणि सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं. ज्योतीराम ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "आणि आरसा? तो का वर करून ठेवता?"

"आरशाला मी हात बी लावत न्हाई."

दोघांनी एकदमच वळून बघितलं. गाडीतला छोटा आरसा वर वळलेला होता, सीटवर बसलेल्या कुणा उंच माणसाला मागचा रस्ता दिसावा तसा. "इंजिनाच्या हादऱ्यानं हलत असेल," ज्योतीराम म्हणाला. पण त्यानं तो नीट केला नाही, आणि दोघंही लगबगीनं गोठ्याबाहेर आले.

संक्रांत झाली. तिळगूळ घ्यायचं निमित्त करून तो आला आणि कारखान्याचा भोंगा लांब पिंपरीत वाजत असताना त्यानं बोलून टाकलं. "मी मूळचा सोलापूरकडचा, तिकडं आता माझं कुणी नाही. पुण्यात एक खोली आहे. तुम्ही... म्हणजे तू... येशील का?"

किती साधं विचारलं त्यानं! इंदूला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलेलं होतं. पण तिची नजर गोठ्याकडे गेली.

"मी आले तर सकाळी आई कशाला हात लावील?"

त्यानं सायकल हातात घेतली. "मग शेठला जाऊन सांगतो, ही गाडी विकाऊ नाही. निदान ती तरी तुमच्याकडं राहील." तो सायकलवर बसला. वळून बघेल असं तिला वाटलं, पण धुक्यात तो लगेच दिसेनासा झाला. तिळगूळ तिच्या हातातच राहिला.

दोन दिवसांनी इंदूला हिवतापानं गाठलं. रात्रभर अंग असं भाजत होतं की पहाटे तिला शुद्धच नव्हती. डोळे उघडले ते उजेडात. उजेड! आई नदीवरून आली असणार. बॉनेट गार! ती तशीच भिंतीला धरत, धडपडत गोठ्याशी आली.

आई गाडीपाशी उभी होती. तळहात बॉनेटवर. आणि चेहरा शांत.

"गरम हाय," आई म्हणाली.

इंदूनं हात लावला. गरम होतं. इंजिन नुकतं बंद केल्यावर असतं तसं. 'ज्योतीराम!' तिच्या मनात आलं आणि तापातही तिला भरून आलं. तो आला होता तर! धुक्यातून चोरासारखा येऊन, तिच्याऐवजी हँडल मारून गेला होता.

दुपारी तो आला. मुंबईच्या गाडीनं चिंचवडला उतरून, पायी, हातात वळकटी. त्याच्यामागं इंदू गोठ्यात आली, खांबाला टेकली. "पहाटे आलात ते बरं झालं," ती पुटपुटली.

"पहाटे? पहाटे मी शेठकडं होतो. हा आत्ता उतरतोय."

ज्योतीरामनं दार उघडलं आणि सीटवर बसला. त्याचे पाय पुढं गेले आणि पेडलपर्यंत पोचलेच नाहीत. सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागं सरकवलेली होती. आरशात त्याला नुसतं गोठ्याचं छत दिसत होतं.

"तू हलवलीस?" त्यानं विचारलं. इंदूनं नकारार्थी मान हलवली. त्यानं बॉनेटला हात लावला. दुपार टळत आली होती, तरी ते तसंच गरम होतं.

"ती कशानं हलवंल? ती निपचित पडली हुती," दारातून सावित्रीबाई म्हणाली. ती आत आली, इंदूच्या खांद्यावर हात ठेवला. "आन् रोज कोण तापवतं ते काय मला ठावं न्हाई व्हय? तुझ्या लुगड्याला पेट्रोलचा वास येतो, बाई."

"मग... बोलली का न्हाईस?"

"तुला वाटायचं, मला बरं वाटतं. मला वाटायचं, तेवढ्यानं तुझा जीव रमतोय. म्हणून रोज हात लावायचे अन् हसायचे." आईनं इंदूचा खांदा घट्ट धरला. "पर आज तू न्हवतीस गं. नदीवर मला आवाज आला अन् माझं पायच हलंनात. आज त्यो खरंच आला हुता. कशापाई आला आसंल, सांग की."

ते इंदूला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी भांडण झालं की हिंदुराव तिच्या वाटचं काम न बोलता उरकून ठेवायचा आणि नुसतं म्हणायचा, 'जा, खेळायला जा.'

तिनं बॉनेटवर हात ठेवला. शेजारी ज्योतीरामचा हात होता. "गार होईपर्यंत थांबतो म्हणाला होतात ना?" तिनं विचारलं.

"थांबलोय."

"मी येईन तुमच्याबरोबर." आणि मग ती त्या गाडीकडे वळून, जणू आत बसलेल्या कुणाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "दादा, मी जाते रे."

दोघांच्या तळहातांखाली बॉनेट गार झालं. हळूहळू नाही, एकदम. विहिरीतून काढलेल्या घागरीसारखं गार. ज्योतीरामनं हात मागं घेतला, इंदूनं मात्र तसाच ठेवला, अगदी बोटं बधिर होईपर्यंत.

सावित्रीबाईनंही हात लावून बघितला. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं. तीन पावसाळे राखून ठेवलेलं रडणं होतं ते. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि होणाऱ्या जावयाकडं बघितलं.

"गेला," ती म्हणाली. "तुमाला गार इंजिन पायजे हुतं न्हवं? घ्या, बघा. अन् शेटला म्हनावं, घिऊन जा गाडी."

ज्योतीरामनं हँडल लावलं. इंदू आत बसली. तिचे पाय काही पेडलला पोचत नव्हते, पण तिनं सीट पुढं ओढली नाही. काठावर सरकून बसली आणि चोक ओढला.

पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली.