तटावरच्या पिवळ्या टोप्या

तटबंदीच्या त्या जुन्या गावात फिरताना कुणी हरवू नये म्हणून आईने घरातल्या सगळ्यांना पिवळ्याधमक टोप्या शिवल्या होत्या. पण फोटो छान यावेत म्हणून धाकटीने चष्मा काढून आईच्या पर्समध्ये टाकला, आणि तिथेच घोळ झाला.

वेशीजवळच्या अरुंद बोळात तिला पुढे पिवळी टोपी दिसली. दादाच तो! ती मागून बडबडत सुटली.

"दादा, बाबांना तूच सांग ना. त्या डॉक्टरांच्या स्थळाला मी उद्या हो म्हणणार नाही. माणूस चांगला आहे रे, पण हसत म्हणून नाही! जन्मभर ते सुतकी तोंड बघत बसू?"

पुढचे खांदे गदगदा हलू लागले.

"हसतोस काय? माझा जीव टांगणीला लागलाय—"

"माफ करा... पण मी दादा नाही हो."

टोपी नव्हतीच ती, हेल्मेट होतं. तटाची डागडुजी करणारा तरुण गवंडी होता तो.

"मग आधीच सांगायचं ना!"

"सांगणार होतो... पण डॉक्टरांचं पुढे काय झालं, ते ऐकायचं होतं."

रागवायचं सोडून ती खुदकन हसली आणि तिने टोप्यांचा, चष्म्याचा सगळा घोळ सांगितला.

"चला, तटावरून तुमच्या टोप्या शोधू," तो म्हणाला. मोडक्या पायरीपाशी त्याने चुन्याचा हात पँटला पुसला आणि मग पुढे केला. तिने तो धरला... आणि वर पोचल्यावरही सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

"ती सगळ्यांच्या टोप्या सरळ करतेय, ती कोण?" त्याने खाली बोट दाखवत विचारलं.

"आईच! दुसरं कोण?"

आवडला तिला तो. सरळसरळ आवडला.

"उद्या खरंच नाही म्हणणार?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला... बरंच काही."

तेवढ्यात सगळं घर धापा टाकत वर आलं. आईने चष्मा तिच्या नाकावर बसवला. तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. नाकावर चुना, गालावर खळी. मग दादाकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, उद्याच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मला हसणारा माणूस हवाय."

सगळ्या पिवळ्या टोप्या गवंड्याकडे वळल्या. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"हसणारा?" बाबांनी भुवया चढवल्या. "हे?"

"आत्ता घाबरलेत ते, बाबा!"

पहिल्यांदा बाबाच हसले. मग तो... मग सगळेच.

"रविवारी... घरी येऊ?" त्याने चाचरत विचारलं.

आई त्याच्या डोक्याकडे निरखून बघत होती. "या. आणि ते हेल्मेट काढा बघू जरा, टोपीचं माप घेते."