मागच्या सीटची नळी

निवृत्त दंतवैद्याने वेळ कसा घालवावा याचे काही नियम नाहीत. डॉक्टरांचे एक मित्र गुलाब लावत, दुसरे सुनेला सल्ले देत. डॉक्टर जुनी विमानं शोधत. तीही एकाच जातीची: युद्धातलं दोन सीटचं बॉम्बफेकी विमान, पोट सुटलेलं, तोंड बसकं. बायको त्याला ‘तुमची म्हैस’ म्हणे.

या म्हशी जगात तीनच उरल्या होत्या आणि उरण्याचं कारण एकच होतं. तिन्ही मोहिमेवरून परतल्या, माळावर अलगद उतरल्या, पण आत कोणीच नव्हतं. पट्टे मात्र बांधलेले. डॉक्टर हे पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. पाहुणे दुसरा कप घेत नसत.

उंचावर हवा विरळ, म्हणून वैमानिक प्राणवायूच्या नळीचं रबरी टोक दातांत धरून बसत. संग्रहालयातल्या पहिल्या विमानात डॉक्टर पुढच्या सीटवर चढले, ते टोक हातात घेतलं आणि जन्मभराच्या सवयीने आधी दातांचे ठसे पाहिले. वरचा डावा सुळा आत वळलेला, खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले.

जबडा ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात भेटायचा.

“योगायोग,” घरी येऊन ते म्हणाले.

“असेल की,” बायको म्हणाली. “एवढी वाकडी बत्तिशी देवाने एकदाच केली असेल, असं थोडंच आहे?”

पुढे अक्रोड फोडताना त्यांच्या समोरच्या दाताचा टवका उडाला. त्यानंतर दुसरं विमान सापडलं, एका बंद कारखान्यात. तिथल्या रबरावर तेच ठसे होते.

टवक्यासकट.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. दोन्ही विमानांतल्या मागच्या सीटची नळी कोरी होती, तेवढाच आधार. आता तिसरीही कोरी आहे एवढं बघायचं आणि हा नाद सोडायचा, असं त्यांनी ठरवलं.

“मी येणार,” बायको म्हणाली. “अलीकडे झोपेत दात खाता तुम्ही. दातांचे डॉक्टर ना? लाज वाटते मला.”

तिसरं विमान गावाबाहेर एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये होतं. भर दुपार होती. डॉक्टरांनी गाडी सावलीत लावली.

“उतरू नकोस. काहीही झालं तरी.”

“म्हशीला पाहून मी कशाला उतरू?”

भंगारवाल्याने कुलूप काढलं आणि तो दाराशीच थांबला.

“मी आत येत नाही, साहेब.”

“का? उंदीर आहेत?”

“उंदीर असते तर बरं झालं असतं.”

आत जुन्या तेलाचा वास होता. पत्र्यावर ऊन कडकडत होतं, तरी विमानाचं अंग गार लागलं. पुढच्या नळीवर डॉक्टरांनी नुसता अंगठा फिरवला. टवका लागला. तो अपेक्षितच होता.

मग ते मागे वळले.

मागच्या सीटवर धुळीचा जाड थर होता. त्यावर पट्टा बांधलेला. नळीचं टोक त्यांनी उजेडात धरलं.

लहान जबडा. उजवीकडे खाली तीन दात सलग, मधे फट नाही. ब्रिज, म्हणजे जोडून बसवलेले कृत्रिम दात. शेवटच्या दाताची कड किंचित घासलेली, कारण बसवल्यावर तो उंच लागतो म्हणून बायको कुरकुरत होती आणि ती कड डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने घासली होती.

रबर ओलं होतं.

ते धावले.

बायको गाडीतच होती. जागच्या जागी. काच खाली करून तिने पाहिलं.

“झालं दर्शन?”

डॉक्टरांना रडू आलं. ते आत बसले आणि त्यांनी गाडी हाणली. शेड मागे पडली. रस्ता सरळ होता, सपाट, दोन्ही बाजूंना मोकळं रान.

बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. ओठ निळसर पडले होते.

“अहो,” ती म्हणाली, “कानांना दडे बसलेत माझ्या. किती वर आलो आपण?”